मुडद्या

चुलीवर वांगं भाजल्याचा वास आला, की मला मेढ्यातली ती दुपार आठवते. सातवीतच शाळा सोडून मी नेपाळहून तिथल्या बेकरीत कामाला आलो होतो आणि एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहत होतो. त्या दिवशी घरी यायला उशीर झाला, तर ती दारातच ओरडली, "मुडद्या, कुठं उलथला हुतास?" मराठी फारसं येत नव्हतं, पण आमच्याकडंही प्रेताला मुर्दाच म्हणतात, त्यामुळे तेवढं नेमकं कळलं. आता ही घराबाहेर काढणार, या भीतीनं मी कपडे पिशवीत भरायला लागलो. जाणार कुठं, ते काही सुचत नव्हतं. तेवढ्यात फौजेतून सुट्टीवर आलेला तिचा मुलगा आंघोळ करून आला, तर ती त्याच्यावरही तशीच ओरडली, "ये मुडद्या, गिळायला बस, भाकरी गार झाली!" तो आपला हसत पाटावर बसला. मग ती माझ्याकडं वळली, "आन् तुला काय आवतण देऊ व्हय रं? बस त्याच्या शेजारी." मुलगा सरकून जागा करत म्हणाला, "झाली गड्या तुझीबी भरती!" मी पिशवी तिथंच टाकली आणि बसलो. आता इतक्या वर्षांनी म्हातारीनं कधी मला नावानं हाक मारली, तर आपलं काय चुकलं, म्हणून छातीत धस्स होतं.