ड्रॉइंग मास्तरांचे विलायती बंगले

कराडच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागलो, तेव्हा तिथले ड्रॉइंग मास्तर पन्नाशीला टेकले होते. जलरंगात विलायती बंगले रंगवायचा त्यांना नाद. हिरवळ, तळं, वेलींनी झाकलेल्या विटांच्या भिंती. पुण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. सगळं जुन्या कॅलेंडरांवरून. कुंचल्याचं टोक ओठांत चोखून नीट करायचे. ते हिरवे-तांबडे ओठ बघत डबा खाणं मला जमेना.

एकदा त्यांनी वर्गाला घराचं चित्र काढायला सांगितलं. कोरेगावकडच्या एका मुलानं आपलं मातीचं घर काढलं. दारात म्हैस, शेजारी उकिरडा. मास्तरांनी रंगाचं गढूळ पाणी त्या कागदावर ओतलं.

"घर काढ म्हटलं होतं, घाण नव्हे!"

"पर सर, आमचं घर आसंच हाय."

वर्ग हसला. मी दारातून सगळं पाहिलं आणि पुढे निघून गेलो.

बेचाळीस साली त्याच मुलाचा हात मोर्चात लाठीनं मोडला. लाठ्या चालवायला लावणारा गोरा अधिकारी पंधरा दिवसांत शाळेत आला, पोरांना दम द्यायला. मास्तरांनी त्याला चौकटीतला एक बंगला भेट दिला. चौकट जड, म्हणून दुसरी बाजू मी धरली.

"असलं घर आमच्याकडे कुठेच नाही," साहेब इंग्रजीत म्हणाला आणि हसला. मास्तर लाचारासारखे खिदळले.  तोंडावर हसू माझ्याही होतं.

चार दिवसांनी मुलाचा बाप त्याचं नाव काढायला आला. पलटणीत राहिलेला ताठ माणूस.

"आवं मास्तर, त्या सायबाला चित्र दिलंसा म्हनं?"

"ड्रॉइंग मास्तरांनी दिलं," मी म्हणालो.

 तो दाखला घेऊन गेला. मुलगा परत शाळेत आला नाही; हात वाकडाच जुळला असं पुढे कळलं.

स्वातंत्र्य मिळालं त्या आठवड्यात मास्तरांनी शाळेत प्रदर्शन मांडलं. बंगले तेच. फक्त प्रत्येकाच्या धुराड्यावर तिरंगा.

"कसं वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"छान," मी म्हणालो आणि बाहेर येऊन नळावर खळखळून चूळ भरली.

वर्षभरानं ते सांगलीला लेकाकडे राहायला गेले. निरोप समारंभाचं भाषण मलाच करायला सांगितलं होतं. तेही मी केलं.