एलिशेबाबाईंचं फ्रेंच नाटक

शाहूपुरीत पाइपांच्या दुकानावरच्या खोल्यांत राहणाऱ्या एलिशेबाबाई नागावकर फ्रेंचमध्ये कविता करतात, हे दुकानदार आणि घरमालक रुद्रय्यांना ठाऊक होतं. पण त्याचं त्यांना अप्रूप नव्हतं. भाडेकरू शांत आहेत, एवढं त्यांना पुरे.

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. घरी बोलणं मराठीच. पण वडील आफ्रिकेत, फ्रेंचांच्या ताब्यातल्या जिबुतीच्या बंदरात नोकरीला, त्यामुळं शाळा फ्रेंच झाली आणि लिहिता हात बसला तो त्याच भाषेत. लग्नानंतर नवऱ्याच्या, दाविदच्या, फौंड्रीतल्या नोकरीपायी त्या कोल्हापुरात आल्या, आणि त्यांच्या ओळी समजणारं कुणी उरलं नाही. दाविदलाही फ्रेंच येत नव्हतं. तरी तो म्हणायचा, "वाच, आवाज तरी ऐकू दे."

१९९६ च्या उन्हाळ्यात दाविद गेला. ज्यूंमध्ये माती लांबवत नाहीत, आणि गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. नातलग बहुतेक इस्रायलला गेलेले. पुण्याहून दोघेच पोचले. पुरायचं कुठं, तेही ठरेना.

रुद्रय्या वर आले. "बाई, आमच्या लिंगायतांतबी पुरत्यातच की. गडमुडशिंगीला माझं रान हाय. बांधाकडंची जागा घ्या."

"पण आण्णा, प्रार्थनेला माणसं नाहीत."

"माणसं मी आणतो."

"तशी चालत नाहीत हो."

तरी रुद्रय्यांचे भाऊबंद रानात येऊन उभे राहिले. पुण्याच्या पाहुण्यांनी नकारार्थी मान हलवली; दहा ज्यू नाहीत, म्हणजे ती प्रार्थना नाही. बाईंनी मराठीतून एक स्तोत्र वाचलं, आणि माती लोटली.

ती सल त्यांनी नाटकात उतरवली. कितीतरी वर्षं त्यात गेली. २००३ साली फ्रान्सच्या एका लहान गावातल्या मंडळींनी ते रंगमंचावर आणलं. दम्यामुळं बाईंना जाता आलं नाही. फोटो तेवढे आले.

रुद्रय्यांनी एक फोटो लांब धरून पाहिला. "ह्यो गोरा म्हातारा म्हंजे मी व्हय? काय बोलतोय?"

बाईंनी शेवटचा प्रवेश मराठीत सांगितला. घरमालक ती प्रार्थना अडखळत म्हणतो आणि सगळं रान त्याच्यामागून म्हणतं.

"असं कुठं झालतं, बाई? आम्ही नुसतं हुभं ऱ्हायलो."

"हो. व्हायला हवं होतं, म्हणून लिहिलं."

रुद्रय्या म्हणाले, "मग ते शब्द तरी ऐकवा की."

प्रार्थनेचे ते शब्द बाईंनी आजवर मोठ्यानं कधी उच्चारले नव्हते. त्या उभ्या राहिल्या. रुद्रय्याही उठले आणि टोपी काढायला लागले.

"राहू दे, आण्णा," बाई म्हणाल्या. "आमच्यात प्रार्थनेला डोकं झाकलेलंच असतं."