केवड्यातला नाग

कारखान्याच्या क्वार्टरमागे मोरीचं पाणी जायचं, तिथं मी केवडा लावला होता. सासू म्हणायची, केवड्यात नाग येतो. इतक्या वर्षांत उंदीरसुद्धा आला नाही.

आमचे हे वारले आणि पावसाळा संपायच्या आत क्वार्टर सोडायचा कागद निघाला. पोरीची दहावी मार्चमध्ये. सही केली की दोघी रस्त्यावर.

सहीसाठी ऑफिसचा बाबू आला. मी पुढचं दार उघडेना, तर मागून आला. केवडा त्याच्या डोक्याच्या वर गेलेला, कणीस घमघमत होतं.

मी खिडकीतून म्हटलं, "भैया, संभलके! नाग अभी अंदर गया है."

"काटता है क्या?"

"अब तक एकही को काटा. वो भी ऑफिसवाला था."

बाबू पळाला. मग दर महिन्याला सडकेवरूनच ओरडायचा, "अम्मा, है क्या?"

"है!"

जन्मभर देवाला केवडा वाहिला, पण कामाला आला तो नसलेला नाग.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी स्वतः किल्ली दिली. बाबू म्हणाला, "और वो नाग?"

"ट्रंकेत भरलाय."

बाकी सामान टेम्पोत चढवायला त्यानं हात लावला. ट्रंक मात्र मला एकटीला उचलावी लागली.