न थकणारं हृदय

आमचा दादा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि घरी आमचं डोकं खातो. जेवतानासुद्धा तेच. रक्त म्हणजे विजेचा प्रवाह, रक्तदाब म्हणजे व्होल्टेज, आखडलेली रक्तवाहिनी म्हणजे रेझिस्टर आणि हृदयाची झडप म्हणजे डायोड, एकाच दिशेने जाऊ देणारा. लग्न झालं नाही त्याचं. माझ्या मते याच कारणाने.

आईची झडप गळायला लागली, तेव्हा मात्र मीच म्हटलं, "आता तरी तुझ्या तारांचा उपयोग होऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन करून गळती बंद करता येईल, पण हृदय थकलंय, झेपेल की नाही सांगता येत नाही. घरच्यांनी ठरवा.

दादाने आईच्या रिपोर्टमधले आकडे घेऊन टेबलावर तारा-पुर्जे जोडून तिचं रक्ताभिसरण मांडलं. गळक्या झडपेसाठी डायोडला समांतर एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला उलट झिरपायला वाट. तो काढला, म्हणजे गळती बंद केली, की शेजारच्या यंत्राच्या पडद्यावरची रक्तप्रवाहाची लाट कशी तरारून उठायची! "बघ, जमतंय!" म्हणत तो नाचायचाच बाकी होता. आईही खुलली. आम्ही होकार कळवून मोकळे झालो.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात आईपाशी होते. दादा आला तो पांढराफटक पडलेला. मला व्हरांड्यात ओढून म्हणाला, "गाढव आहे मी. हृदयाच्या जागी मी भिंतीतल्या विजेवर चालणारा सप्लाय लावला होता. त्याच्यावर कितीही भार टाक, तो थकत नाही. आईचं हृदय थकतं."

"मग?"

"आज थकणारा लावला. गळती बंद केली आणि लाट बसलीच. त्या गळतीमुळेच तिच्या हृदयाला थोडी उसंत मिळतेय गं. ती बुजवली की सगळा भार एकदम अंगावर येतो."

"आणि नाही बुजवली तर?"

"तरी बसते. हळूहळू."

इकडे आड, तिकडे विहीर! त्याला बदडावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तसेच दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "भीती मलाही तीच आहे. पण तुमच्या तारा म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. आईंनाच विचारा."

आईला सगळं सांगितलं. "म्हणजे दोन्हीकडून मेलेच की मी," ती हसली. दादाला मान वर करवेना. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

"चला मग घरी," आई म्हणाली. "आणि तू रजा काढ रे. त्या टेबलासमोर नको, माझ्यासमोर बस. विजेबद्दल मात्र एक अक्षर बोलायचं नाही."

दादा तिथेच खाटेच्या कडेला बसून मोबाइलवर रजेचा अर्ज भरायला लागला. मध्येच थांबला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "किती दिवसांची टाकू?"



"आठवड्याची टाक," आई म्हणाली. "लागली तर वाढव."