प्रेक्षकांत ठेवलेला टेपरेकॉर्डर

मंडळी, माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर आज दुरुस्त करून आणला.

आणीबाणीच्या दिवसांत मी इथंच सोलापुरात गणपतीसमोर नकला करायचो. टेप मुद्दाम प्रेक्षकांत ठेवायचो. कुठं हशा पडला, कुठं लोक गप्प बसले, ते घरी ऐकून पुढचा कार्यक्रम सुधारायचा. टेपजवळ माझा जिवलग दोस्त सिद्राम बसायचा.

एकच कॅसेट ऐकायची राहिली. त्या रात्री मी एका मंत्र्याची नक्कल केली आणि पहाटे पोलिसांनी मला घरातून उचललं. सुटून आलो तेव्हा आई गेली होती. नकला सोडल्या, टेप माळ्यावर टाकला.

ती कॅसेट आज लावली. हशा लई पडलाय. पण टेपच्या अगदी जवळ कुणीतरी विचारतंय, "राहतो कुठं हा?"

"साखर पेठंत. पहाटं या, घरीच घावतोय की."

सिद्रामचा आवाज. टेपचं बटण त्यानंच दाबलं होतं; बोलताना विसरला असणार.

सिद्राम अजून रोज संध्याकाळी माझ्याकडं चहाला येतो. आत्ता जिन्यात त्याची काठी वाजतेय.

लवकर सांगा मंडळी, टेप लावू की चहा टाकू?