‘डबल पाळी’मधला मागाचा आवाज

मला असं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आणि मी यातलं काही मानणारा नव्हतो, हेही आधीच सांगतो. आमचं घर कबनूरचं. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला, आई कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. पाळी करून आलेल्या माणसाला भुताची भीती वाटायला आधी जागं राहावं लागतं... आमच्या घरात तेवढंही कुणाला जमत नाही. कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, शाहूपुरीत कॉट बेसिसवर राहतो. आवाज कुठून येतो आणि वायरीतून कसा जातो, हे मला थोडंफार कळतं. म्हणूनच या गोष्टीचा जास्त त्रास होतो.

आमचा हिप हॉप ग्रुप आहे, ‘धोटा’ – मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी ठोकळा. सागर आणि तौसिफ रॅप करतात. बीट आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. हार्डकोर म्हणतात तसलं – गोड काही नाही, सगळं पाळी, मालक आणि ऐकू यायचं बंद झालेली माणसं. ‘डबल पाळी’ हा आमचा पहिला अल्बम ऑनलाइन आला तेव्हापासून लोक विचारतात, टायटल ट्रॅकमधलं मागाचं सॅम्पल कुठून घेतलं? मी ‘आमचंच आहे’ एवढं लिहून सोडून देतो. खरं तर आता थकलोय. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

स्टुडिओ आम्हाला परवडत नव्हता. कबनूरमध्ये घरी रेकॉर्ड करावं, तर गल्लीत सतत खटखट. शांतता एकाच दिवशी – खंडेनवमीला. त्या दिवशी माग पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा होते आणि दसरा होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तौसिफच्या घरचं मागाचं शेडसुद्धा बंद. कामगारच येत नाहीत, तर चालवणार कोण!

सागरच्या घराला लागूनच त्यांचं मागाचं शेड आहे. वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे माग सागर आणि त्याची आईच बघतात. भिंतीला कापडाचे तागे रचलेले असतात, आवाज घुमत नाही. आमचा फुकटचा स्टुडिओ. सागरच्या आईनं, काकींनी, पूजा केली, आम्हाला प्रसाद दिला आणि बजावलं, “गाणं म्हणा, नाचा, काय बी करा. खरं मागाला बोट लावायचं न्हाय.”

आम्ही नाही लावलं. मेन स्विच पाडलेला होता, त्यावरही फूल होतं. सागरनं हेडफोन लावला आणि टायटल ट्रॅक एका दमात म्हटला. तौसिफ मोबाइलवर शूटिंग करत होता. संपल्यावर तो ओरडला, “नाद खुळा! भावा, आता मेलास तरी चालतंय.” आम्ही हसलो. हे वाक्य नंतर तौसिफला स्वतःलाच फार लागलं.

दसऱ्यानंतर माग सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत धोटा उडाला. चालत्या मागातून धोटा कधीकधी बाहेर फेकला जातो, आमच्याकडे हे नवीन नाही. पण हा सागरच्या जबड्यावर बसला. हाड मोडलं, पुढचे दात गेले. डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला. त्या दिवसापासून काकींनी शेडचं दार उघडलं नाही. आलेलं सूत तसंच पडून. “एवढी वर्सं पूजा केली, कशापायी कोपला त्यो?” असं दिसेल त्याला विचारायच्या. माग भंगारात घालायचं बोलणं सुरू झालं होतं. ते गेले असते तर त्या घरात सायझिंगच्या पगाराशिवाय काहीच उरलं नसतं.

त्या गडबडीत रेकॉर्डिंग मी ऐकलंच नव्हतं. इंटर्नल परीक्षा झाल्यावर एका दुपारी खोलीवर फाइल उघडली. सागरचा आवाज सुरू झाला... आणि त्याच्या खाली माग. खटक-खटक, खटक-खटक. मला वाटलं, हेडफोनमधला बीट माइकमध्ये शिरला असेल. पण त्या बीटमध्ये मागाचा आवाज नव्हताच. शिवाय सागरचे शब्द माझ्या बीटवर पडत नव्हते, मागावर पडत होते. दुसऱ्या कडव्यानंतर माग थांबतो. कांडी संपली की थांबतो तसा. मग थोडा वेळ काही नाही... आणि परत सुरू. आमच्याकडच्या मागाची कांडी हातानं बदलावी लागते. ती बदलायला समोर माणूस लागतो.

तौसिफला फोन केला, तर म्हणाला, “आमल्या, तुझ्या कानातच माग हाय. कबनूरची पोरं कबरीत निजली तरी खटखट ऐकत्यात.” मी क्लिप पाठवली. बऱ्याच वेळानं त्यानं फक्त त्या दिवसाचा व्हिडिओ पाठवला. त्यात सागर गातोय, मागे माग स्थिर, झेंडूची माळ जागची हललेली नाही. आणि खटखट अजिबात नाही.

मी लॅपटॉप घेऊन सागरकडे गेलो. बांधलेल्या जबड्यावर हेडफोन बसेना, म्हणून स्पीकरवर लावलं. आतून काकी आल्या. हातातलं ताट तसंच.

“हे कवाचं रं?”

“खंडेनवमीचं, काकी.”

“माग चालवलासा?”

“न्हाय काकी, शप्पथ. स्विच तुम्हीच पाडलासा की.”

“मग हे वाजतंय काय, माझं कपाळ?” त्यांचा आवाज चिरकला. “तरीच... तरीच धोटा उडाला. देवाच्या दिवशी बी दम निघंना तुमास्नी!”

“काकी, व्हिडिओ हाय माझ्याकडं, दावतो–” म्हणत मी खिशात हात घातला, तर सागरनं माझं मनगट धरलं. घट्ट. आईकडे बघून त्यानं मान हलवली. मग छातीवर बोट ठेवलं आणि माग सुरू करायचा दांडा ओढल्यासारखा हात केला. मीच चालवला.

काकींनी त्याला मारलं नाही. खाली बसल्या, खूप रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “असं आधी सांगायचं की रं लेकरा. मी मेली रोज इचार करत हुते, आपलं काय चुकलं म्हणून.”

त्या आत गेल्यावर मी विचारलं, खोटं का बोललास? तो दातांतल्या दातांत, हळूहळू म्हणाला, “मग काय सांगू? आपोआप चालला म्हणू? आय परत त्या शेडात पाय ठेवंल व्हय? पोरं चुकली म्हटलं की माफी मागता येती.”

रेकॉर्डिंगमधून मागाचा आवाज काढून टाकायचे मी सगळे प्रयत्न केले. माग काढला की सागरचा आवाजही जातो. तारा निघाल्या तरी आता त्याचे शब्द पडलेल्या दातांच्या फटीतून निसटतात. तसं त्याला परत म्हणता येणार नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग आम्ही तसंच ठेवलं. गल्लीतल्या कुणाचा माग चालू होता का, तेही विचारून आलो. नव्हता. कॉलेजच्या सरांना फाइल ऐकवली, ते म्हणाले, रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी मिसळलं असेल. असेल. कुठून मिसळलं, हे मला आजही सांगता येत नाही.

सागरनं कबूल केलं त्याच आठवड्यात काकींनी नारळ आणला. शेडचं दार उघडून आम्हा तिघांना मागापुढे उभं केलं. “म्हणा, चुकलं.” सागर म्हणाला. तौसिफ म्हणाला. मीही हात जोडून म्हणालो. काकींनी नारळ फोडला, स्विच वर केला आणि दांडा ओढला. माग खटखट सुरू झाला. काकी, सागर, तौसिफ तिथंच उभे राहिले. मागे सरकलो तो एकटा मी.