पटाच्या वहीत भास्करभाऊंचं नाव शोधताना

दुसरा ड्रम अर्धा भरला होता तेव्हा भास्करभाऊ आले. आमच्या भागात नळ आला की बाकी सगळी कामं थांबतात. त्या सकाळी ज्वारी सुपात तशीच पडली होती, गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायची राहिली होती आणि मी नळी एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात टाकत होते. भाऊ ओल्या ओट्यावरच बसले. पाय सुजलेले, चपलेचे पट्टे मोकळे सोडलेले.

"वहिनी, तुम्ही एवढं वाचता," ते म्हणाले. "माहं नाव कुठं लिहेल सापडते का, पाहा बरं."

"कशात?"

"शर्यतीत. मी गाडी पळवत होतो ना. कुठं तरी असनच."

भास्कर इंगळे यांचं गॅरेज बुलढाण्यात आमच्या पिठाच्या गिरणीला लागून आहे. आधी ते माझ्या यजमानांचे, वसंतरावांचे मित्र होते. पाच वर्षांपूर्वी वसंतराव गेले, तेव्हापासून ते माझे मित्र आहेत. बाईनं असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, पण दुसरा शब्द नाही. स्कूटी मला त्यांनी शिकवली. वाचनालयाची पावतीही त्यांनीच फाडून आणली. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन दळणाच्या डब्यांवरच्या नावांवरून झालं, मग रद्दीतून, मग पुस्तकांतून.

भाऊंच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत. संभाजीनगरला जुन्या मोटारसायकलींच्या हौशी लोकांचा मेळावा भरणार होता आणि तिथं जुन्या शर्यतवाल्यांना मंचावर बोलवणार होते. अट एकच, कात्रण, प्रमाणपत्र, काहीही चालेल, पण लेखी पुरावा हवा. मेळावा महिन्यावर होता. भाऊंजवळ कागदाचा एक तुकडा नव्हता, आणि तो महिना त्यांना मिळेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून मी निघाले. पुरावा ते असतानाच हातात पडायला हवा होता.

पहिला दिवस देऊळघाटचा. बुलढाण्याहून स्कूटीवर अर्धा तास, रस्ता ठीक, गावाजवळ खड्डे. तिथं एका जुन्या फोटोग्राफरच्या घरी आपला फोटो असल्याची भाऊंना आठवण होती. फोटोग्राफर आता नाहीत. त्यांच्या सुनेनं कपाटातून तीन पाकिटं काढून दिली आणि तिसऱ्यात तो निघाला. सपाट केलेलं शेत, दोन सायलेन्सरची गाडी, मडगार्ड काढलेलं, मागं धूळच धूळ. चालवणाऱ्याच्या डोक्याला हेल्मेट आणि नाकातोंडाला उपरणं. मागच्या बाजूला शाईनं नांदुऱ्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"गाडीचे मालक असतीन. तुमचे भाऊ कोनते याच्यात?"

"हेच, बसलेले."

"तोंड तं दिसतच नाही ओ ताई," ती म्हणाली. खरंच दिसत नव्हतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे हिवाळ्यात बैलजोड्यांचे शंकरपट भरतात. चाळीसेक वर्षांपूर्वी काही गावांत पटाच्या शेवटच्या दिवशी, त्याच धावपट्टीवर, मोटारसायकलीही पळवत. समिती तीच, घड्याळ तेच. भाऊ पाच हिवाळे पळाले. शेवटची शर्यत संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात झाली. तिथं गाडी घसरून गर्दीत गेली, भाऊंच्या खांद्याचं हाड मोडलं आणि एका बाईचा हात मोडला. "तिले मालकाजवळ लुगडं पाठवलं होतं मी," हे ते दर वेळी सांगत. नांदुऱ्याच्या त्या मालकानं पुढं गाडी विकून टाकली. भाऊंनी गॅरेज टाकलं.

दुसऱ्या दिवशी नांदुरा. बुलढाण्याहून सकाळची एस.टी. घ्या, राजूर घाटात डाव्या खिडकीशी बसा आणि मोताळ्याला गाडी थांबली की उतरू नका, ती लगेच सुटते. बायकांना अर्धं तिकीट आहे. नांदुऱ्याचा उंच मारुती लांबूनच दिसतो. जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला होता, म्हणून स्टँडपासून चालत गेले. वाटेत दोन कचोऱ्या खाल्ल्या, तीस रुपये, तिखट.

मालकांचं नाव मी लिहीत नाही. वय ऐंशीच्या पुढं, बैठकीत काचेचं कपाट, त्यात नऊ कप. नऊही कपांवर त्यांचंच नाव.

"अबे, चाय आन बे बाईसाठी!" त्यांनी आत आवाज दिला. मग माझ्याकडं वळले. "भास्कऱ्याची कोन तू?"

"शेजारीण. मैत्रीण म्हणा."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. मी पाहू दिलं.

"हे कप भाऊंनी जिंकले ना?"

"गाडी माही, पेट्रोल माहं, टायर माहे. मंग कप कोनाचा?"

"आणि चालवली कोणी?"

"चालवली त्यानं. काय चालवे! पोट्टा गाडीवर बसला का गाडी त्याची होऊन जाये." बोलताना चेहरा खुलला होता. "पन बाई, बैलाचा पट झाला तं नाव कोनाचं पुकारते? मालकाचं. हाकनाऱ्याचं कोनी लिहिते काय? तेच इथं."

मी पिशवीतून कोरा कागद काढला. "चालवणारा भास्कर इंगळे होता, एवढंच लिहून द्या. खाली सही."

त्यांनी कागद हातात घेतला. "चाळीस वर्सं मी लोकायले सांगून राह्यलो का मीच चालवली म्हनून. नातवायलेही तेच सांगतलं. अन् आता लेखी देऊ?" ते हसले, पण कागद तसाच कोरा माझ्याकडं परत सरकवला. निघताना म्हणाले, "संग्रामपूरकडच्या गुरुजीपाशी पटाची वही असन, जिते असतीन तं." मग लगेच म्हणाले, "पन जाऊ नको. मोडक्या गाड्या धावतात तिकडं, हाल होतीन."

मी नांदुऱ्याला नणंदेच्या घरी राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले. जळगाव जामोदपर्यंत एक बस, पुढं संग्रामपूरला दुसरी, तिथून त्या शेवटच्या शर्यतीच्या गावापर्यंत काळीपिवळी जीप, माणशी वीस रुपये, भरल्याशिवाय सुटत नाही. पाणी घरून न्या. हा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि भाऊंसारखे किडनीचे पेशंट इथं घरोघर आहेत. भाऊंचं आजोळ याच भागातलं. सातपुडा उत्तरेला निळा दिसत होता. तूर कापणीला आली होती. गाडीत एक म्हातारी दवाखान्याची फाइल छातीशी धरून बसली होती.

गुरुजी अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. मी पटाची वही म्हणताच उठले, कोठीत गेले आणि पाच मिनिटांत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लांब वही घेऊन आले. इतकी लवकर सापडली, तेव्हाच मला जरा वेगळं वाटलं.

वहीत चार रकाने होते. क्रमांक, मालक, गाव, वेळ. अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं. मी बोट ठेवून वाचत गेले. नांदुऱ्याच्या मालकांचं नाव दर हिवाळ्याला होतं. भाऊंचं कुठंच नव्हतं. मग एका पानाच्या तळाशी, रकाने सोडून, आडवं लिहिलेलं दिसलं: गाडी हाकणारा भास्कर इंगळे, बुलढाणा.

"सापडलं!" मी मोठ्यानं म्हणाले. गुरुजींची सून चहा घेऊन येत होती, तीही हसली.

मग मी वरची ओळ आणि खालच्या दोन ओळी वाचल्या. वर होतं, शेवटच्या फेरीत गाडी गर्दीत शिरली. खाली होतं, जखमी कमल, वय चोवीस. तिसऱ्या दिवशी मयत.

मी विचारलं, "कमल कोण?"

"माझी बहीण," गुरुजी म्हणाले.

मग ते बोलत राहिले, वर्गात सांगावं तसं, सावकाश.

"बैल माणसाले पाहून वळते, बाई. आमच्या लोकायले तीच सवय. पटाच्या शेवटी गर्दी दोन्हीकडून आत सरकते, बैल गर्दी पाहून थांबतात. लोक गाडीसमोरही तसेच उभे राहिले. वाटलं, तीही वळेल. धावपट्टीवर चुन्याची फक्की मीच मारली होती, बैलाच्या पटाले मारतो तशी. पुढं मोकळी जागा सोडा, असं समितीत एकालाही सुचलं नाही. मी समितीचा चिटणीस होतो."

"पोलीस केस?"

"नाही. मालक आले, पाटील आले, माजघरात बसले. पट बंद पडला असता. सगळे गप्प राहिले. मीही राहिलो."

"मग भाऊंचं नाव का लिहिलंत? हाकणाऱ्याचं नाव लिहायची तर पद्धत नाही."

"कुणाचं तरी लिहायचं होतं. माझं लिहायची हिंमत नव्हती."

मी विचारलं, लुगडं आलं होतं का? हो म्हणाले. तेरवीच्या दिवशी जीपमधून आलं. आईनं हात लावला नाही. आणणारा माणूस ओट्यावर ठेवून गेला, महिनाभर तिथंच पडून होतं.

"गुरुजी, त्यांना माहीत नाही," मी म्हणाले. "त्यांना वाटतं, बाईचा हात मोडला आणि ती बरी झाली."

गुरुजींनी चष्मा काढला. "काऊन माहीत नाही?"

"मालकांनी तसंच सांगितलं असणार."

त्यांनी चष्मा धोतरानं पुसला. "मी चाळीस वर्षं वाट पाह्यली, का तो एक डाव येईल. पायरीशी उभा राहील. नाही आला म्हणून मी रोज त्याले शिव्या देल्या, बाई. देवपूजा चुकली असेल, ते नाही चुकलं. अन् त्याले ठाऊकच नाही!"

मी पानाचा फोटो काढू का विचारलं. काढा म्हणाले. हे सगळं कुठं लिहिलं तर चालेल का, तेही विचारलं. "लिहा. गावाचं नाव टाकू नका." भाऊंना सांगा किंवा सांगू नका, यातलं काहीच ते बोलले नाहीत. फाटकाशी आले आणि काळीपिवळी दिसेपर्यंत उभे राहिले.

संग्रामपूरच्या स्टँडवरून मी मालकांना फोन केला. "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"त्याले सांगतलं असतं तं त्यानं विहीर जवळ केली असती. बावीस वर्साचा होता. मी वाचोलं त्याले, समजलं?" फोन ठेवला गेला. यातलं खरं किती आणि सोयीचं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये फोटो उघडला. मोबाइलवर फोटो कापता येतो, ते मला येतं. वरची ओळ कापली, खालच्या दोन कापल्या. राहिलं एवढंच, गाडी हाकणारा भास्कर इंगळे, बुलढाणा. मेळाव्याला ते पुरलं असतं. भाऊ मंचावर गेले असते, शाल घेतली असती आणि त्यांना बरं वाटलं असतं. कुणाचंच बिघडलं नसतं. मोताळ्यापर्यंत मी ते कापलेलं चित्र पाहत होते.

वसंतरावांना पोटाचा कॅन्सर होता. दिरांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. त्यांनी मला तीनदा विचारलं, मला नक्की काय झालंय? तिन्ही वेळा मी अल्सर म्हणाले. शेवटच्या आठवड्यात ते गिरणीला नवीन दगड कुठून आणायचे ते बोलत होते. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याजवळ आणखी काय काय होतं, ते मला कधी कळणार नाही. लोक म्हणतात, सुखात गेले. मी तिथं होते. ते एकटे गेले.

घाट चढताना मी कापलेला फोटो पुसून टाकला. पूर्ण पानाचा ठेवला.

ज्यांना आपल्या माणसाचा असा माग काढायला जायचं असेल त्यांनी हिवाळ्यात जावं. बस, काळीपिवळी, खाणं मिळून तीन दिवसांत माझे सहाशे रुपयेही लागले नाहीत. गावात सरळ जुन्या मास्तरांचं घर विचारावं. आणि काय सापडलं तर काय करायचं, हे घरून ठरवून निघावं. मी ठरवलं नव्हतं. एक ओळ घेऊन यायला गेले होते, चार ओळी घेऊन आले. त्या रात्री गिरणीचं कुलूप लावताना शेजारी गॅरेजचं शटर बंद होतं आणि मला गुरुजी फाटकाशी उभे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी भास्करभाऊंकडे गेले, खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढली आणि ते पान वरपासून खालपर्यंत त्यांना वाचून दाखवलं.